निलगिरीचे तेल : गुणधर्म, उपयोग आणि धोके यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निलगिरीचे तेल झाडाच्या कोणत्या भागापासून मिळते?

पानांपासून. युकॅलिप्टस या प्रजातीतील सदाहरित वृक्षांना मराठीत निलगिरी म्हणतात. त्यांच्या सातशेहून अधिक जाती असून जवळजवळ सर्वांचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. जांभूळ, पेरू आणि लवंग ज्या मिर्टेसी कुलात येतात, त्याच कुलात निलगिरीही येते, आणि या कुलातील पुष्कळ झाडांप्रमाणे तिच्याही पानांत सुगंधी तेलाच्या ग्रंथी असतात. एखादे पान उजेडासमोर धरून पाहिले, तर पात्यात टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्याच या ग्रंथी. पान नुसते नाकाशी नेले तर वास मंद येतो, पण चुरगळले की ग्रंथी फुटतात आणि तो ओळखीचा, नाकात शिरणारा वास एकदम सुटतो.

तेलासाठी सर्वाधिक प्रसिद्ध असलेली जात म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस. तिच्या लहान रोपाची पाने रुंद, बिनदेठाची, समोरासमोर लागलेली आणि निळसर पांढऱ्या मेणाच्या थराने झाकलेली असतात, तर मोठ्या झाडाची पाने लांब, कोयत्यासारखी वाकडी आणि खाली लोंबणारी असतात. ही दोन्ही पाने एकाच झाडाची आहेत, हे प्रथमदर्शनी कोणाला खरे वाटत नाही. हा वृक्ष सदाहरित असल्यामुळे पाने एकदम झडत नाहीत. मात्र अनेक जाती दरवर्षी खोडाची साल लांब पट्ट्यांनी सोलून टाकतात.

‘युकॅलिप्टस’ आणि ‘निलगिरी’ ही नावे कशी पडली?

युकॅलिप्टस हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८८ मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘नीट झाकलेले’ असा होतो, कारण या झाडाच्या कळीवर टोपणासारखे एक झाकण असते आणि फूल उमलताना ते गळून पडते. निलगिरी हे आपल्याकडचे नाव मात्र झाडाच्या गुणांवरून पडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात नीलगिरी पर्वतावर या झाडांची मोठ्या प्रमाणात लागवड झाली, तिथून तेल येऊ लागले आणि डोंगराचे नावच झाडाला चिकटले.

तेल काढतात कसे?

वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून. पाने आणि कोवळ्या डहाळ्या मोठ्या बंद टाकीत भरून खालून वाफ सोडली जाते. वाफ ग्रंथींतील तेल आपल्याबरोबर घेऊन वर येते आणि थंड नळीतून जाताना दोन्हींचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. तेल पाण्यापेक्षा हलके व पाण्यात जवळजवळ न मिसळणारे असल्यामुळे ते वर तरंगते आणि सहज वेगळे काढता येते. ग्लोब्युलस जातीच्या शंभर किलो पानांपासून साधारणपणे एक ते दोन किलो तेल मिळते.

असे निघालेले पहिले तेल कच्चे असते. त्यात आयसोव्हॅलेरिक अल्डिहाइडसारखी काही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि त्यांच्यामुळे तेलाला उग्र वास येऊन घशाला खवखव सुटते. औषधी उपयोगासाठी ते पुन्हा ऊर्ध्वपातित करून ही द्रव्ये काढून टाकतात. अशा तेलाला ‘रेक्टिफाइड’ म्हणतात. बाटलीवर हा शब्द दिसला तर त्याला खरोखर अर्थ आहे. ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांना मात्र कोणत्याही औषधकोशाचा आधार नाही, ते विक्रेत्याचे शब्द आहेत.

या तेलाचा इतिहासही ऊर्ध्वपातनापासूनच सुरू होतो. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याचे शल्यवैद्य जॉन व्हाइट यांनी सिडनीजवळच्या एका जातीपासून थोडे तेल काढून इंग्लंडला पाठवले होते. व्यापारी उत्पादन मात्र १८५० च्या दशकात, जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांच्या प्रोत्साहनाने व्हिक्टोरियात सुरू केले.

तेलात नेमके काय असते?

मुख्य घटक आहे १,८-सिनिओल. १८७० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोएझ यांनी तो ओळखून त्याला युकॅलिप्टॉल असे नाव दिले. त्यामुळे सिनिओल आणि युकॅलिप्टॉल ही दोन्ही नावे एकाच पदार्थाची आहेत, हे औषधांची वेष्टने वाचताना लक्षात ठेवावे. तो सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. युरोपीय औषधकोशानुसार औषधी निलगिरी तेलात किमान ७० टक्के सिनिओल असावे लागते. उरलेल्या भागात अल्फा-पायनिन, लिमोनिन, अल्फा-टर्पिनिऑल, पॅरा-सायमिन असे घटक कमी-अधिक प्रमाणात असतात.

सिनिओल केवळ निलगिरीतच असते असे मुळीच नाही. कापुराचे झाड, कॅजुपुट, रोजमेरी, वेलदोडा या सर्वांत ते आढळते. वेलदोडा सोलताना नाकाला जो थंड झोत जाणवतो, त्यात मोठा वाटा याच द्रव्याचा असतो.

बाजारातली सर्व निलगिरी तेले सारखीच असतात का?

नाही, आणि या विषयातील निम्मे गैरसमज या एकाच गोष्टीतून निर्माण होतात, असे माझे मत आहे. ‘निलगिरी तेल’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या स्वभावांची तेले विकली जातात, आणि एकाविषयी वाचलेली माहिती लोक निःशंकपणे दुसऱ्याला लावतात.

पहिला प्रकार औषधी तेलांचा. ग्लोब्युलस, रेडिएटा आणि पॉलिब्रॅक्टिया या जातींची तेले सिनिओलने समृद्ध असतात. यांपैकी पॉलिब्रॅक्टिया ही झुडपासारखी वाढणारी जात जमिनीलगत कापली तरी मुळाशी असलेल्या गाठीतून पुन्हा फुटते, म्हणून ऑस्ट्रेलियात तिची यंत्राने वारंवार कापणी करता येते. दुसरा प्रकार सुगंधासाठीच्या तेलांचा. लिंबाच्या वासाची निलगिरी, जिला आज वनस्पतिशास्त्रज्ञ कोरिंबिया सिट्रिओडोरा म्हणतात, तिच्या तेलात सिनिओल नगण्य असून मुख्य भाग सिट्रोनेलालचा असतो. ते साबण आणि अत्तरांसाठी उत्तम आहे, पण चोंदलेल्या नाकासाठी त्याची वाफ घेऊन अपेक्षित परिणाम मिळणार नाही. तिसरा प्रकार औद्योगिक तेलांचा. उदाहरणार्थ, युकॅलिप्टस डाइव्ह्ज या जातीच्या एका प्रकारात पायपेरिटोन भरपूर असते आणि त्यापासून कृत्रिम मेन्थॉल तयार करता येते.

याशिवाय, जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश चीन असून तिथून येणाऱ्या ‘निलगिरी तेला’चा काही भाग प्रत्यक्षात कापुराच्या झाडापासून काढलेल्या सिनिओलयुक्त तेलाचा असतो. तो विषारी असतो असे नाही, पण बाटलीवरचे झाडाचे नाव मग खरे राहत नाही. म्हणून खरेदी करताना वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि सिनिओलची टक्केवारी या दोन गोष्टी छापलेल्या आहेत का, ते पाहावे. नुसत्या वासावरून निर्णय घेऊ नये.

वास घेतला की चोंदलेले नाक मोकळे होते, ते खरेच मोकळे होते का?

मोकळे झाल्यासारखे वाटते, हे निश्चित. प्रत्यक्षात मोकळे होते का, हा वेगळा प्रश्न आहे. नाकाच्या आतील आवरणात थंडी ओळखणारे चेतातंतू असतात. त्यांच्यावरील टीआरपीएम-८ नावाचे ग्राही थंड हवेने जागे होतात, मेन्थॉलने होतात आणि सिनिओलनेही होतात. मेंदूला ‘भरपूर थंड हवा आत येत आहे’ असा संदेश मिळतो आणि श्वास सुटल्याची जाणीव होते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कापूर, निलगिरी आणि मेन्थॉल यांचा वास दिल्यानंतर नाकातील हवेच्या प्रवाहाला होणारा अवरोध यंत्राने मोजला, तेव्हा तो बदललेला आढळला नाही. हवेचा प्रवाह वाढल्याची भावना मात्र निर्माण झाली होती.

याचा अर्थ ही फसवणूक आहे, असा काढण्याचे कारण नाही. सर्दीने रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला श्वास सुटल्यासारखे वाटून झोप लागली, तर तोही उपयोगच आहे. परंतु एखाद्याला खरोखर धाप लागत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर या वासाने मिळणाऱ्या भासावर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करणे धोक्याचे आहे.

मग खोकला, दमा आणि सायनसच्या विकारांत या तेलाला काही शास्त्रीय आधार आहे का?

तेलापेक्षा त्यातील शुद्ध सिनिओलला अधिक आधार आहे. जर्मनीत सिनिओलच्या २०० मिलिग्रॅमच्या, आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या कॅप्सूल श्वासनलिकेचा दाह आणि सायनसचा दाह यांसाठी औषध म्हणून दीर्घकाळ वापरात आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत स्टेरॉइडच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या दम्याच्या ३२ रुग्णांना १२ आठवडे दिवसातून तीन वेळा सिनिओल किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. सिनिओल घेणाऱ्यांची स्टेरॉइडची गरज सरासरी ३६ टक्क्यांनी घटली, तर दुसऱ्या गटात ही घट ७ टक्के होती. सिनिओल दाह वाढवणाऱ्या रासायनिक संदेशांना आवर घालते आणि कफ पातळ करण्यास मदत करते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.

मात्र ३२ रुग्ण ही संख्या लहान आहे. शिवाय तो प्रयोग मोजून दिलेल्या औषधाचा होता, रुमालावर टाकलेल्या थेंबांचा नव्हता. दम्याच्या रुग्णाने त्याच्या आधारावर स्वतःचा इन्हेलर किंवा गोळ्या कमी करू नयेत. उलट काही दमेकऱ्यांना कोणताही तीव्र वास सहन होत नाही आणि निलगिरीच्या वाफेनेच त्यांची श्वासनलिका आकुंचन पावते.

वाफ घेताना कोणती काळजी घ्यावी?

थेंबांची संख्या कमी ठेवावी आणि पाण्याची भीती अधिक बाळगावी. पातेलेभर गरम पाण्यात तीन-चार थेंब पुरेसे असतात. त्याहून अधिक टाकल्यास डोळे झोंबतात, आणि फायदा मात्र वाढत नाही. पाणी विस्तवावरून उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे, भांडे टेबलावर स्थिर ठेवावे, डोळे मिटावेत आणि पाच-दहा मिनिटांत आटोपते घ्यावे. तेल पाण्यात विरघळत नाही, ते पृष्ठभागावर तरंगते आणि पहिल्याच मिनिटात बहुतेक उडून जाते. म्हणून पहिला श्वास घेताना चेहरा अगदी भांड्यावर नेऊ नये.

वाफ घेण्यातला सर्वांत मोठा धोका तेलाचा नसून उकळत्या पाण्याचा आहे. मांडीवर किंवा पलंगावर ठेवलेले भांडे कलंडून मांड्या आणि पोट भाजल्याची प्रकरणे रुग्णालयांना नवी नाहीत, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. लहान मुलांना अशी वाफ देऊच नये.

छातीला चोळायच्या मलमात हे तेल किती असते?

लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खोकल्याच्या मलमांत निलगिरी तेलाचे प्रमाण १.२ ते १.३ टक्के असावे, असा नियम आहे. बाकीचे काम कापूर आणि मेन्थॉल करतात. एवढ्याशा तेलाने परिणाम जाणवत असेल, तर बाटलीतील निव्वळ तेल छातीवर ओतण्याची गरज नाही, हे त्यावरून समजावे. मलम नाकपुडीच्या आत, डोळ्यांजवळ किंवा जखमेवर लावू नये आणि लावलेला भाग शेकू नये.

हे तेल पोटात घेतले तर चालते का?

नाही. बाटलीतील तेल एक थेंबही तोंडाने घेऊ नये, मग ते साखरेवर असो, मधात असो किंवा गरम पाण्यात.

प्रौढ माणसात ४-५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेलानेही गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि लहान मुलांसाठी त्याहून कमी मात्राही घातक ठरू शकते. तोंडात व घशात जळजळ, उलटी, पोटदुखी यांनी सुरुवात होते. त्यानंतर गुंगी, तोल जाणे, अडखळते बोलणे, झटके आणि श्वास मंदावणे अशी लक्षणे दिसतात. हे सर्व कधी काही मिनिटांत, तर कधी काही तासांनी सुरू होते. आता बरे दिसत आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही.

अशा वेळी माणसाला ओकारी काढायला लावणे ही सर्वांत मोठी चूक असते. तेल पातळ आणि उडून जाणारे असल्यामुळे उलटीबरोबर ते श्वासनलिकेत शिरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. पोटातल्या तेलापेक्षा फुफ्फुसात गेलेले तेल अधिक हानी करते. मीठ-पाणी किंवा घशात बोटे घालणे हे उपाय टाळून थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना घटक आणि गेलेले प्रमाण यांचा अंदाज येईल.

‘मग जर्मनीतील रुग्ण कॅप्सूल कशी घेतात?’ असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. हिशेब करून पाहावा. ५ मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम; त्यात ७५ टक्के सिनिओल धरले, तर जवळजवळ साडेतीन ग्रॅम. म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या १७ कॅप्सूल एकाच घोटात. शिवाय कॅप्सूलमधील द्रव्य घशात किंवा जठरात उघडे पडत नाही, बाटलीतले तेल मात्र ओठांपासूनच उघडे असते.

लहान मुलांसाठी वापरता येते का?

दोन वर्षांखालील बाळांच्या चेहऱ्याजवळ, नाकाजवळ किंवा उशीवर हे तेल वापरू नये. सिनिओल, कापूर आणि मेन्थॉल यांच्या तीव्र वासाने इतक्या लहान मुलांचे स्वरयंत्र प्रतिक्षिप्तपणे आवळले जाऊन श्वास क्षणभर थांबू शकतो. अशी टर्पिन द्रव्ये असलेल्या गुदवर्ती औषधांमुळे झटके येण्याचा धोका लक्षात घेऊन युरोपीय औषध संस्थेने २०११ मध्ये ती तीस महिन्यांखालील मुलांना आणि झटक्यांचा इतिहास असलेल्या मुलांना देण्यास मनाई केली.

त्याहून मोठ्या मुलांसाठी त्यांच्या वयाचा स्पष्ट उल्लेख असलेले तयार मलम वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरावे. घरी मिश्रण करण्याचा मोह टाळावा. विषबाधेच्या बहुतेक घटना उपचारातून घडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या उशाशी उघड्या राहिलेल्या बाटलीतून घडतात, किंवा खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलेली बाटली अंधारात चुकून उचलल्यामुळे. ही बाटली औषधांच्या खणात ठेवूच नये.

त्वचेवर किंवा दुखऱ्या सांध्यावर कसे लावावे?

नेहमी पातळ करूनच. खोबरेल किंवा बदाम तेलासारख्या साध्या तेलात २ टक्क्यांपर्यंतचे प्रमाण प्रौढांसाठी रास्त आहे. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर ३० मिलिलिटर तेलात १२ थेंब. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास नाद सोडावा.

सांधेदुखीत मिळणारा आराम हा प्रामुख्याने त्वचेवर निर्माण होणाऱ्या थंड-उष्ण संवेदनेचा आणि त्याबरोबरच्या चोळण्याचा असतो. झिजलेली कूर्चा या तेलाने भरून येत नाही.

निलगिरीच्या तेलाने डास पळतात का?

येथे पुन्हा नावाचा घोळ आहे. डासांविरुद्ध खात्रीशीर म्हणून ओळखला जाणारा पदार्थ पीएमडी नावाचा आहे. लिंबाच्या वासाच्या निलगिरीची पाने ऊर्ध्वपातित केल्यानंतर मागे उरणाऱ्या भागात तो असल्याचे चिनी संशोधकांच्या लक्षात आले. आज तो मुख्यतः सिट्रोनेलालवर आम्लाची प्रक्रिया करून तयार करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याला २००० मध्ये कीटक-प्रतिबंधक म्हणून मान्यता दिली आणि योग्य तीव्रतेत तो काही तास टिकतो. तीन वर्षांखालील मुलांना तो लावू नये, असा इशारा त्याच्यासोबत दिला जातो.

गंमत अशी की या पदार्थाला इंग्रजीत मिळालेल्या व्यापारी नावाचा शब्दशः अर्थ ‘लिंबू-निलगिरीचे तेल’ असा होतो, तर त्याच झाडाच्या ताज्या सुगंधी तेलात पीएमडी जेमतेम नावापुरते असते. ते तेल लावल्यास डास थोडा वेळ दूर राहतात, पण ते लवकर उडून जाते. औषधी, सिनिओलयुक्त तेल तर या कामासाठी आणखी कमकुवत आहे. डेंग्यू-मलेरियाच्या प्रदेशात त्याच्यावर विसंबून मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नये.

हे तेल जंतुनाशक आहे का? घरातील हवा शुद्ध होते का?

प्रयोगशाळेतील बशीत ते अनेक जिवाणू आणि बुरशींची वाढ रोखते, हे खरे आहे. स्युडोमोनाससारखे काही चिवट जिवाणू मात्र त्याला फारसे जुमानत नाहीत. एका प्रसिद्ध प्रकारच्या जंतुनाशक माउथवॉशमध्ये ०.०९२ टक्के युकॅलिप्टॉल असते, पण ते थायमॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांच्या जोडीने काम करते. फरशी पुसण्याच्या पाण्यात टाकलेले चार थेंब वास देतात, निर्जंतुकीकरण करत नाहीत. २०२० च्या महासाथीत सिनिओलविषयी पसरलेले दावे बऱ्याच अंशी संगणकावरील रेणूंच्या आकडेमोडीवर उभे होते, आणि तेवढ्यावरून कोणताही पदार्थ विषाणूवरचा उपाय ठरत नाही.

हवा शुद्ध होण्याची समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मलेरिया दूषित हवेमुळे होतो असे मानले जाई, म्हणून दलदलीच्या प्रदेशात निलगिरीच्या बागा लावल्या गेल्या. रोमजवळच्या त्रे फोंताने मठातील साधूंनी १८६८ नंतर हेच केले. या झाडांना ‘तापाची झाडे’ म्हणत आणि पानांच्या वासाने रोग पळतो असे समजत. जेथे फरक पडला, तेथे कारण बहुधा साधे होते: पाण्याचा निचरा झाला, झटपट वाढणाऱ्या झाडांनी ओल शोषली आणि डासांना अंडी घालायला डबकी उरली नाहीत.

डिफ्यूझर वापरायचा असेल, तर खिडकी थोडी उघडी ठेवून अर्ध्या तासाने तो बंद करावा. दिवसभर चालू ठेवल्यास डोके दुखते, आणि नाक सरावल्यामुळे वास येत नाही म्हणून माणूस आणखी थेंब टाकतो.

डाग काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे खरे आहे का?

होय, आणि ज्याविषयी शंका घेण्याचे कारणच नाही असा हा उपयोग आहे. हे तेल उत्तम द्रावक आहे. काचेच्या बरणीवरील कागदी लेबल सोलल्यानंतर मागे राहणारा चिकट थर साबणाने घासून जात नाही. त्यावर दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी कापडाने पुसले की तो गोळा होऊन निघतो. कपड्याला लागलेले डांबर, च्युइंगगम, ग्रीस यांवरही ते चालते. अर्थात कापडाचा रंग जात नाही ना, हे आतल्या शिवणीवर आधी तपासावे.

हाच गुण त्याचा स्वभाव समजावून देतो. थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहावे: थेंबाखालची जागा हळूहळू खचत जाते आणि तिथे चिकट खळगा उरतो. म्हणून हे तेल पॉलिस्टायरिनच्या पेल्यात मोजू नये, प्लॅस्टिकच्या चष्म्यावर किंवा वार्निश केलेल्या लाकडावर सांडू देऊ नये. जे द्रव्य थर्माकोल विरघळवते, ते निव्वळ स्वरूपात कातडीवर चोळण्याचा आग्रह लोक का धरतात, हे मला अजून उमगलेले नाही.

दंतवैद्यही याच गुणाचा लाभ घेतात. रूट कॅनॉल पुन्हा उघडावा लागला, तर आत भरलेले गट्टापर्चा मऊ करण्यासाठी युकॅलिप्टॉल वापरता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील खाणींमध्ये खनिजाचे कण फेसावर तरंगवून दगडापासून वेगळे करण्यासाठी हे तेल वापरले जाई.

हे तेल पेट घेते का?

घेते. त्याच्या वाफा सुमारे पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास ठिणगी मिळाल्यास पेटू शकतात, म्हणून ते शेगडीजवळ, पेटत्या मेणबत्तीजवळ किंवा उकळी चालू असलेल्या भांड्यात ओतू नये. ऑस्ट्रेलियातील वणव्यांत निलगिरीची राने भडकतात, त्यात पानांतील तेलाचा आणि खाली साचलेल्या सुक्या सालींचा मोठा हात असतो.

तेल शुद्ध आहे की भेसळीचे, हे घरी ओळखता येते का?

काही अंशीच. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तासा-दोन तासांनी पाहावे. तेलकट डाग मागे राहिला, तर त्यात स्वस्त खाद्यतेल किंवा खनिज तेल मिसळलेले आहे असे समजावे, कारण शुद्ध तेल पूर्ण उडून जाते. टर्पेंटाइनची भेसळ मात्र अशी सापडत नाही, कारण टर्पेंटाइनही उडूनच जाते, आणि त्यातील मुख्य घटक असलेले पायनिन निलगिरीत मुळातच थोडे असते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी लागते. औषधकोशात सापेक्ष घनता ०.९०६ ते ०.९२७ आणि अपवर्तनांक १.४५८ ते १.४७० असे निकष दिलेले आहेत. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्याने त्या खेपेचा चाचणी अहवाल मागावा.

कोणी हे तेल टाळावे?

अपस्माराच्या रुग्णांनी, कारण सिनिओल आणि कापूर ही दोन्ही द्रव्ये झटके येण्यास कारणीभूत ठरल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. घरात मांजर असल्यास डिफ्यूझर त्याच्या खोलीत लावू नये; मांजरांच्या यकृताला अशी काही द्रव्ये शरीराबाहेर टाकणे जड जाते, आणि अंगावर पडलेले तेल ते चाटून पोटात घेते. कोआला निलगिरीच्या पानांवरच जगतो हा दाखला येथे उपयोगाचा नाही, कारण त्या प्राण्याचे यकृत नेमके याच कामासाठी घडलेले आहे.

बाटली किती काळ टिकते?

गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, उष्णता आणि उजेडापासून दूर ठेवल्यास दोन-तीन वर्षे सहज. सिनिओल स्वतः हवेने फारसे बिघडत नाही, पण सोबतचे पायनिन आणि लिमोनिन ऑक्सिजनशी संयोग पावून त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार करतात. अर्धी रिकामी बाटली म्हणूनच लवकर जुनी होते, कारण तिच्यात हवा अधिक असते. ड्रॉपरचा रबरी फुगा तेलाने फुगून चिकट होतो, तेव्हा अशी बाटली ड्रॉपर लावून न ठेवता साध्या बुचाने बंद करावी. तेल घट्टसर झाले, पिवळे पडले किंवा त्याला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला, तर ते अंगाला लावू नये. बरणीवरची लेबले काढायला ते अजूनही चालते.